भाजलेला, चिरडलेला हात कसा वाचवायचा: नळाखालच्या वीस मिनिटांपासून थालीपीठ थापण्यापर्यंत

हाताची कातडी दोन बाजूंना दोन तऱ्हेची असते. मागची बाजू पातळ आणि सैल, चिमटीत उचलता येईल अशी. तिच्याखाली बोटं सरळ करणाऱ्या दोऱ्या जवळजवळ उघड्याच असतात. तळव्याची कातडी मात्र जाड आणि खालच्या पडद्याला शिवून टाकल्यासारखी घट्ट. भाजलेल्या आणि जखमी हातांवर काम करणारा प्लास्टिक सर्जन कधी थांबायचं, कधी कातडी लावायची, हात कुठल्या स्थितीत बांधायचा हे ठरवतो, ते बरंचसं या फरकावरून.

पण सर्जनसमोर हात येतो तो अपघातानंतर काही तासांनी, आणि टाके निघाले की पुन्हा घरी जातो. हाताचं पुढचं आयुष्य त्या आधीच्या तासांवर आणि नंतरच्या महिन्यांवर ठरतं. त्या दोन्ही वेळी हात घरच्यांच्या ताब्यात असतो, म्हणून इथं भर त्यांच्यावर आहे.

भाजल्यावर: नळ, घड्याळ, बांगड्या

हात भाजला की वाहत्या पाण्याखाली धरा आणि घड्याळ बघून २० मिनिटं तसाच ठेवा. नळाचं साधं पाणी हवं. फ्रीजचं नको आणि बर्फ तर नकोच. बर्फानं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि जी कातडी अजून जगू शकली असती तीही मरते. दोन मिनिटांत आग थांबते म्हणून बरेच जण हात बाहेर काढतात, तिथंच चुकतं. वरची कातडी गार लागते, पण खालच्या थरांत उष्णता अजून काम करत असते. नळाला पाणी नसेल तर बादलीतून तांब्यानं ओतत राहा. शेतात भाजलं आणि घरी यायला तास लागला तरीही हे करा, कारण पहिल्या ३ तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. लहान मूल असेल तर हात पाण्याखाली आणि बाकीचं अंग कोरड्या चादरीत, नाहीतर मूल गारठतं.

पाणी चालू असतानाच अंगठी, घड्याळ, बांगड्या, मनगटाचा दोरा, कडं सगळं उतरवा. सूज पहिले २४ ते ४८ तास वाढत जाते आणि सुजलेल्या बोटातली अंगठी बोटाचा रक्तपुरवठा तोडते. साबण लावून निघाली नाही तर दोऱ्याची युक्ती आहे. बारीक मजबूत दोऱ्याचं एक टोक अंगठीच्या खालून तळव्याकडे काढा. उरलेला दोरा अंगठीपासून नखाच्या दिशेनं, पेरावरून पुढं, चिकटून चिकटून गुंडाळा. मग तळव्याकडचं टोक धरून उलगडत न्या. दोरा उलगडत जाईल तशी अंगठी पुढं सरकते. बोटावर फोड असतील किंवा कातडी सुटली असेल तर ही युक्ती करू नका, अंगठी कापूनच काढायला हवी. सोन्याची अंगठी पुन्हा जोडता येते. हिरवा चुडा निघत नसेल तर कापडाच्या दोन घड्या मध्ये घालून फोडा. बांगडी फोडणं अशुभ वाटून थांबलेल्या तासाभरात मनगटाभोवती फास बसतो.

कपड्याला आग लागली असेल तर आधी थांबा, आडवं पडा, लोळा. उभं राहून पळालं की ज्वाळा चेहऱ्याकडे चढतात. नायलॉन किंवा सिंथेटिक साडी वितळून चिकटली असेल तर ओढू नका, भोवतीचं कापड कापून चिकटलेला भाग तसाच ठेवा.

जखमेवर काहीही लावू नका. टूथपेस्ट, शाई, हळद, बटाट्याचा कीस, तूप यांपैकी काही नको आणि घरातलं पांढरं मलमही नको. सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम वाईट नाही, पण त्याचा पांढरट थर जखमेवर चिकटतो आणि ती किती खोल आहे हे तपासणाऱ्याला दिसेनासं होतं. जांभळ्या औषधानं तर सगळाच रंग झाकला जातो. जखमेची खोली रंगावरूनच ओळखायची असते: गुलाबी, ओलसर, दाबल्यावर पांढरी होऊन लगेच रंग परतणारी जखम उथळ, तर पांढुरकी, तपकिरी, चामड्यासारखी आणि न दुखणारी खोल. दुखत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. दुःख कळवणाऱ्या शिराच जळाल्या की दुखणं थांबतं.

पाण्यातून काढल्यावर हात स्वच्छ, कोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मनगटाशी पिशवी सैल ठेवा. किंवा पदार्थ झाकायच्या पारदर्शक फिल्मच्या पट्ट्या वर ठेवा, पण गोल गुंडाळू नका. काही नसेल तर धुतलेलं सुती कापड. कापूस कधीही नको, त्याचे तंतू जखमेत रुततात. मग हात छातीपेक्षा वर धरून दवाखाना गाठा.

साध्या लालीला दवाखान्याची गरज नसते, ती पाच-सात दिवसांत जाते. पण हातावर फोड आले असतील तर आकार न बघता दाखवाच. तव्याला, इस्त्रीला किंवा मोटारसायकलच्या सायलेन्सरला लागून लहान मुलाचा तळवा भाजला असेल, मनगटाला गोल वेढा पडला असेल, सांध्यावर भाजलं असेल, वीज किंवा रसायन असेल, तर थेट बर्न्स युनिट (भाजलेल्यांचा खास विभाग) किंवा प्लास्टिक सर्जन. माणसाचा स्वतःचा बोटांसकट तळवा म्हणजे त्याच्या अंगाचा अंदाजे १ टक्का. फोनवर सांगताना हे माप वापरा. मोठ्या माणसाचं १० टक्क्यांवर किंवा मुलाचं ५ टक्क्यांवर भाजलं असेल तर १०८ ला फोन करा.

वीज आणि रसायन

विजेच्या जखमेनं भलेभले फसतात. बोटावर हरभऱ्याएवढा काळा डाग दिसतो, पण वीज स्नायूंतून गेलेली असते आणि आतला हात शिजलेला असतो. आधी मेन स्विच बंद करा. लोंबकळणारी ११ केव्हीची तार असेल तर वीज कंपनीनं लाइन बंद केल्याचं कळेपर्यंत जवळ जाऊ नका, काठीनंसुद्धा नाही. दवाखान्यात ईसीजी काढायलाच हवा. लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली तर स्नायू विरघळून मूत्रपिंडात जात आहेत, हे लगेच सांगा. मनगटाच्या वरचा भाग दगडासारखा कडक होत असेल आणि दुसऱ्यानं बोटं हळूच सरळ केली तरी असह्य दुखत असेल, तर आतला दाब वाढला आहे. तो मोकळा करायला कातडी आणि स्नायूंवरचा पडदा उभा चिरावा लागतो आणि त्यासाठी हातात मोजकेच तास असतात. ही चीर बघून नातेवाईक घाबरतात. ती हात वाचवण्यासाठीच असते आणि पुढं बंद करता येते.

रसायनाला २० मिनिटं पुरत नाहीत. ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर सांडलं तर निदान तासभर पाणी. कोरडा चुना किंवा सिमेंट असेल तर आधी कोरड्या फडक्यानं झटका, मग भरपूर पाणी ओता. गंज काढायच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. त्यानं वरून फारसं दिसत नाही आणि काही तासांनी हाडापर्यंत ठणका लागतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं, म्हणून बाटली सोबत न्या.

यंत्रात गेलेला हात, तुटलेलं बोट

कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात किंवा रसवंतीच्या चरकात हात अडकला की पहिली चूक म्हणजे ओढणं. दुसरी चूक चरक उलटा फिरवणं, कारण मग तोच हात दुसऱ्यांदा चिरडला जातो. वीज किंवा इंजिन बंद करा, पट्टा उतरवा, लाटांवर, म्हणजे फिरणाऱ्या रुळांवर, दाब देणारे बोल्ट सैल करा आणि लाटा एकमेकींपासून दूर करा. जमत नसेल तर तेवढा भाग खोलून हातासकट दवाखान्यात न्या आणि मिस्त्रीलाही सोबत घ्या. ऑपरेशन थिएटरच्या दारात पाना चालवणारा माणूस लागतो.

रक्त थांबवायला स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून १० मिनिटं एकसारखं दाबा आणि हात वर धरा. मध्ये उचलून बघू नका, प्रत्येक वेळी बघताना जमलेली गुठळी निघते. सुतळी किंवा रबर बँड आवळून बांधू नका. सैल आवळलेल्या दोरीनं रक्त आत येतं पण परत जात नाही, आणि जखम जास्तच वाहते.

बोट तुटून वेगळं झालं असेल तर तुकडा असा न्या:

१. माती असेल तर सलाईननं किंवा स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा. घासू नका, स्पिरिट किंवा डेटॉल लावू नका. सलाईनची बाटली कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते.
२. सलाईनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये किंवा स्वच्छ रुमालात गुंडाळा.
३. कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा.
४. ती पिशवी बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं असलेल्या डब्यात ठेवा. वर अपघाताची वेळ लिहा.

बोट थेट बर्फावर ठेवलं की गोठतं आणि गोठलेल्या रक्तवाहिन्या जोडता येत नाहीत. नुसतं पाण्यात टाकलं तर पेशी फुगतात. दुधातही टाकू नका. फ्रीझरही नको. कातडीच्या पट्टीवर लोंबत असेल तर ती पट्टी कापू नका, कदाचित तिच्यातूनच अशुद्ध रक्त परत जाणार असतं. बोटाला पुठ्ठ्याचा आधार देऊन तसंच न्या. चुरा झालेला तुकडाही फेकू नका, जोडता आला नाही तरी त्याची कातडी दुसऱ्या बोटाला वापरता येते.

बोटात स्नायू नसतात, म्हणून नीट गार ठेवलेलं बोट २४ तासांपर्यंतही जोडलं गेलेलं आहे. गार न ठेवता साधारण १२ तास. मनगटापासून वरचा भाग तुटला तर स्नायू असतात आणि मुदत निम्मी होते: न गार करता ६ तास. म्हणून आधी जवळच्या दवाखान्यात टाके घालून मग पुढं, असं करू नका. फोन करून विचारा: मायक्रोस्कोप आहे का, रक्तवाहिनी जोडणारा सर्जन आत्ता उपलब्ध आहे का. सर्जनची पदवी पाहायची असेल तर प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीआर.एन.बी. (आधीचं नाव डी.एन.बी.) असते, हाताच्या शस्त्रक्रियेचं खास प्रशिक्षण घेतलेले अस्थिरोगतज्ज्ञही हे काम करतात. वाटेत जखमी माणसाला चहा-बिस्कीट देऊ नका, भूल देण्याआधी पोट ६ तास रिकामं लागतं. प्रत्येक तुटलेलं बोट जोडता येतं असं नाही. दोन लाटांत भरडलेलं किंवा अंगठी अडकून सोललं गेलेलं बोट जोडण्यापेक्षा कधी कधी न जोडलेलंच कामाचं असतं. अंगठ्यासाठी मात्र सर्जन शेवटपर्यंत झगडतात, कारण पकडीचा निम्मा भार त्याच्यावर असतो.

इथं दोन जखमा खास सांगायला हव्यात, कारण त्या क्षुल्लक दिसतात. पहिली ग्रीस गन, स्प्रे पेंटची गन किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पाइपची. गळती कुठं आहे हे बोटानं चाचपलं जातं आणि दाबाखालचं तेल सुईएवढ्या भोकातून बोटात शिरतं. पहिल्या तासात जवळजवळ काही वाटत नाही. तरी त्याच दिवशी, शक्यतो ६ तासांत, बोट उघडून धुवावं लागतं, नाहीतर आतून सडत जातं. गळती शोधायला पुठ्ठा वापरा.

दुसरी म्हणजे काचेची किंवा मांज्याची सरळ, स्वच्छ चीर. आपल्या बोलीत 'शीर तुटली' म्हणजे काहीही असू शकतं: रक्तवाहिनी, संवेदना नेणारी नस, नाहीतर बोट ओढणारी दोरी. टाके घालण्याआधी तपासा. प्रत्येक बोटाचं टोक वेगळं वाकतं का? बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श सारखा कळतो का? यातलं एकही नसेल तर वरची कातडी शिवून काम झालेलं नाही. वाकवणारी दोरी तुटली की वरचं टोक तळव्यात, मनगटापर्यंत मागं सरकतं. आठवडा-दहा दिवसांत जोडली तर सोपं, नंतर ते ऑपरेशन दोन टप्प्यांचं होऊ शकतं.

दवाखान्यात काय घडतं

धनुर्वाताचं इंजेक्शन ५ वर्षांपेक्षा जुनं असेल तर पुन्हा दिलं जातं. भाजल्याची आणि यंत्राची केस पोलिसांत नोंदवली जाते, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत. कारखान्यातला अपघात असेल तर ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड, नाहीतर रेशन कार्ड आणि आधार न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार येतात.

हाताच्या मागच्या बाजूची खोल जखम सर्जन सहसा वाट न बघता खरवडतात आणि त्यावर मांडीची पातळ कातडी लावतात, कारण तीन आठवड्यांनी आपोआप भरलेली जखम जाड, ओढणारा वण सोडते. तळव्याला मात्र दोन-तीन आठवडे थांबतात. तसली जाड कातडी दुसरीकडून मिळत नाही आणि ती खालून चांगली भरून येते. लावलेली कातडी पहिले काही दिवस खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. तिच्याखाली रक्त साठलं, ती सरकली किंवा जंतू लागले तर ती उचलली जाते. म्हणून साधारण पाचव्या दिवसापर्यंत पट्टीला हात लावू नका. मांडीची जागा दहा-चौदा दिवसांत भरते आणि बहुतेकांना हातापेक्षा तीच जास्त झोंबते. मुंबईत सायनच्या रुग्णालयात या जागेवर निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरलं गेलं. पान चिकटत नाही, त्यामुळे काढताना दुखत नाही. घरच्या झाडाचं पान मात्र लावायचं नाही.

अंगभर भाजलेल्या माणसाची स्वतःची कातडी पुरत नाही, तेव्हा त्वचा बँकेतली लावतात. मृत्यूनंतर ६ तासांत, मांड्या-पाय-पाठीवरून वरचा पातळ थर घेतला जातो. देह विद्रूप होत नाही आणि रक्तगट जुळावा लागत नाही. सायनला आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशी बँक आहे. घरात हे आधीच बोलून ठेवा, त्या सहा तासांत सुचत नाही.

हात कसा ठेवायचा

दुखरा हात आपोआप एका स्थितीत जातो: मनगट खाली वाकलेलं, बोटांची मुळं ताठ, पेरं दुमडलेली, अंगठा आत. बरं वाटतं आणि त्याच स्थितीत हात आखडतो. स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार, नेमका उलटा असतो. मनगट २० ते ३० अंश मागं, बोटं मुळाशी ७० ते ९० अंश वाकलेली, पेरं सरळ, अंगठा लांब. तळवा भाजला असेल तर वेगळं: सगळी बोटं सरळ, फाकवलेली, तळवा पूर्ण उघडा. प्रत्येक बोटाची पट्टी वेगळी हवी. दोन बोटं एकत्र बांधली आणि कच्च्या जखमा एकमेकींना टेकल्या तर मध्ये कातडीचा पडदा वाढतो. ड्रेसिंग होताना हे बघा आणि विचारा, विचारणं तुमचा हक्क आहे.

झोपताना हात दोन उशांवर किंवा सलाईनच्या स्टँडला झोळीत. गळ्यात अडकवलेली झोळी दिवसभर नको. त्यात हात खाली राहतो आणि खांदाही आखडतो.

तंबाखू बंद, म्हणजे विडी-सिगारेट, गुटखा आणि मशेरीसुद्धा. मशेरीला आपल्याकडे व्यसन मानत नाहीत, म्हणून बाई 'काही घेत नाही' असं सांगते आणि जोडलेल्या बोटाची रक्तवाहिनी निकोटिननं आवळते. 'पांढरं खाल्लं की पू होतो' हेही सोडून द्या. दूध, दही, भात, अंडं याच गोष्टींतून जखम भरते. मोठ्या जखमेत वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ९० ते १२० ग्रॅम, म्हणजे वरण-भातानं भागणार नाही. उसळ, पिठलं, शेंगदाणे, पनीर, अंडी, मासे सगळं लागेल.

घरी: पुढचं वर्ष-दीड वर्ष

जखम भरली की काम सुरू होतं. वण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लाल, जाड, खाजरा होतो. लोकांना वाटतं ऑपरेशन फसलं. तसं नाही, वण असाच पिकतो आणि त्याला दाबत, ताणत न्यावं लागतं.

मालिश दिवसातून तीन-चार वेळा, पाच ते दहा मिनिटं, साध्या खोबरेल तेलानं. नुसतं चोळायचं नाही. बोटानं वण पांढरा पडेपर्यंत दाबून गोल फिरवायचं. नव्या कातडीवर जोरात घासलं की फोड येतात. दाबाचा हातमोजा मापानं शिवून घ्यावा लागतो आणि दिवसाचे २३ तास घालायचा असतो, साधारण १२ ते १८ महिने. दोन जोड करा, एक धुतला की दुसरा. दोन-तीन महिन्यांनी मोजा सैल होतो, मग तो नुसता कपडा राहतो. बोटांच्या बेचक्यात दाब पोचत नाही, तिथं हाताचे व्यायाम घेणाऱ्या थेरपिस्टकडून स्पंजचा तुकडा बसवून घ्या.

व्यायाम जागेपणी दर दोन तासांनी, प्रत्येक प्रकार दहा वेळा: बोटं सरळ, मुळाशी सरळ ठेवून फक्त पेरांचा आकडा, पूर्ण मूठ, बोटं सरळ ठेवून फक्त मुळाशी वाकवणं, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला. एकच सावधगिरी: बोटाच्या मधल्या सांध्याच्या मागे खोल जखम असेल तर सर्जननं सांगेपर्यंत मूठ वळवू नका, तिथली दोरी तुटली तर बोट कायमचं वाकडं राहतं. दोरी जोडलेली असेल तर हालचाल फक्त थेरपिस्टनं दाखवलेली आणि १२ आठवडे वजन उचलायचं नाही.

जखमा पूर्ण भरून जोर लावायची परवानगी मिळाली की स्वयंपाकघरासारखं व्यायामाचं ठिकाण नाही. थालीपीठ थापताना तळवा सपाट दाबला जातो आणि बोटं फाकतात, तळव्याच्या आखडलेल्या कातडीला नेमकं हेच हवं असतं. कणीक मळण्यानं पकड येते. वाती वळणं, मटार सोलणं, तांदूळ निवडणं यांनी चिमूट आणि स्पर्श परततो. नस तुटलेली असेल तर मात्र गॅसपासून दूर. नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा-सात महिने सहज. तोवर तव्याचा चटका कळत नाही आणि फोड दिसल्यावर समजतं.

दर रविवारी वहीच्या पानावर हात फाकवून ठेवा आणि पेन्सिलीनं भोवती रेघ काढा. मग मूठ वळवून बोटांची टोकं आणि तळवा यांतलं अंतर पट्टीनं मोजून त्याच पानावर लिहा. सेंटिमीटर कमी होत असतील तर ठीक. दोन आठवडे अंतर वाढत असेल, किंवा कागदावरचा पंजा आकसत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता थेरपिस्टकडे जा. आखडलेला वण सोडवायचं ऑपरेशन शक्यतो वण पिकल्यावर, वर्षभरानं करतात. पण सांधा वळायला लागला असेल तर तेवढं थांबत नाहीत. मुलांत तर हाड वाढतं आणि वण वाढत नाही. म्हणून तव्यावर तळवा भाजलेल्या मुलाचा रात्रीचा स्प्लिंट लवकर सोडू नका, आणि हात छान दिसत असला तरी वाढ थांबेपर्यंत वर्षातून एकदा सर्जनला दाखवत राहा.